गोदाम रिकामं होईस्तोवर

जगाच्या संगीताचा इतिहास ज्या मोजक्या दिवसांनी बदलला, त्यांतला एक दिवस कळंबच्या मोंढ्यात उगवला, आणि इथून पुढं संगीताचे दोनच कालखंड मानावे लागणार आहेत: त्या दिवसाच्या आधीचा आणि त्या दिवसानंतरचा. अडचण एवढीच झाली की त्या दिवशी अमावास्या होती. अमावास्येला मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, बंद असतो. त्यामुळं इतिहास बदलताना बघायला मी, ट्रक भरायला आलेले हमाल आणि दोन शेळ्या एवढेच हजर होतो, आणि शेळ्यांचं लक्ष सांडलेल्या सोयाबीनकडं होतं.

मी तिथं असण्याचं कारण संगीतप्रेम नव्हे. माझ्या घराची मागची भिंत आणि पंचाक्षरीअप्पांच्या आडतीच्या गोदामाची भिंत एकच आहे. ही भिंत नेमकी कुणाची, यावर अप्पांचं आणि माझं जुनं एकमत आहे: ती गळते तेव्हा माझी असते. मी शाळेत मराठी शिकवायचो, आता निवृत्त आहे, म्हणजे भिंतीपलीकडं काय चाललंय ते ऐकण्याएवढा वेळ माझ्याकडं असतो.

त्या गोदामात फार पूर्वी 'फटफटी' नावाचा बँड जन्मला. गोरोबा गिटार वाजवून गायचा. अक्षदा बेस गिटार वाजवायची. हे वाद्य बंद पडल्याशिवाय ते वाजत होतं हे कुणाच्या लक्षात येत नाही. आणि ड्रमवर पंचाक्षरीअप्पांचा मुलगा शिवपुत्र. तिघंही माझ्या वर्गात होते, तिघंही मागच्या बाकावर.

ते वाजवायचे त्या प्रकाराला पॉप-पंक म्हणतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुलगी सोडून गेली, गावात काही राहिलं नाही, आणि आपलं पुढं काही होणार नाही, ही तीन दुःखं अतिशय आनंदात आणि अतिशय घाईत सांगायची, की झालं पॉप-पंक. त्यांचं गाजलेलं गाणं 'बार्शी' हे क्लाससाठी बार्शीला गेलेल्या आणि परत न आलेल्या मुलीवर होतं. त्यात गोरोबा जीव तोडून विचारायचा की ह्या गावात राहून माझं काय होणार. हे ऐकून गावातल्या वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. हाच प्रश्न ते त्याला दहावीपासून विचारत होते.

बँड म्हटल्यावर लोकांनी त्यांना एकदा लग्नाची सुपारीही दिली. मारुतीपासून मंडपापर्यंत यायला वरात एरवी अख्खी दुपार घेते. फटफटीच्या तालावर ती पळतच आली. नवरी तेव्हा अंघोळीला गेलेली होती. व्याह्यांमध्ये जुंपली, आणि त्यानंतर लग्नाच्या बाजूनं त्यांना कुणी विचारलं नाही.

गोदामाचं महत्त्व मात्र तुम्ही लक्षात ठेवा, कारण पुढं सगळं त्यावरच आहे. सुगी झाली की अप्पांच्या गोदामात सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्प्या पत्र्यापर्यंत लागतात. त्या थप्प्यांच्या मधल्या बोळात ड्रम मांडला की आवाज असा घट्ट यायचा की पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंनी लाजावं. भाव वाढला की पोती जायची, आणि पोती गेली की आवाज विहिरीत बादली पडल्यासारखा यायचा. त्यामुळं सगळा तालुका सोयाबीनचा भाव वाढावा म्हणून देवाला हात जोडत असताना, तीन माणसं देवळाच्या मागच्या बाजूला उभी राहून तो अजून थोडे दिवस पडलेलाच राहावा असं मागायची. हे बाहेर कळलं असतं तर बँड तेव्हाच फुटला असता.

तो फुटला वेगळ्याच कारणानं. पुण्यातल्या एका स्पर्धेत त्यांचा पहिला नंबर आला, आणि गावातल्या एका तरुण मंडळानं त्यांचा सत्कार ठेवला. निवेदनाला उत्तरेश्वर. हा गृहस्थ दिवसा मोंढ्यात सौदा पुकारतो आणि संध्याकाळी कार्यक्रमांचं निवेदन करतो, त्यामुळं कुणाचीही ओळख करून देताना तो माल स्वच्छ आहे, कोरडा आहे, अशा सुरात बोलतो. गोरोबाला फेटा, शाल आणि श्रीफळ मिळालं. अक्षदाची ओटी भरायची ठरली, पण ती जीन्समध्ये होती आणि पदर नव्हता, म्हणून तिच्यापुढं टॉवेल धरण्यात आला. पुण्याहून सामान घेऊन आलेला टेंपोचा ड्रायव्हर पुढंच उभा होता, म्हणून त्यालाही फेटा मिळाला. तो फेटा तो अजून लग्नाकार्याला बांधतो.

शिवपुत्र मागं ड्रमच्या आड बसला होता. उत्तरेश्वरनं त्याच्याकडं पाहिलं आणि माइकवरच म्हणाला, "ओ मंडपवाले, तेवढा माइक सरकवा."

शिवपुत्र उठला, त्यानं माइक सरकवला, आणि परत जाऊन बसला. त्या दिवशी त्यानं जसं वाजवलं तसं कधी वाजवलं नव्हतं, असं ऐकणारे सांगतात. कार्यक्रम संपल्यावर त्यानं ड्रम सोडला, गोदामात नेऊन ताडपत्री टाकली, आणि दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की म्या न्हाय येत आता.

आमच्याकडं रुसण्याचं एक शास्त्र आहे. रुसलेल्यानं कारण सांगायचं नसतं आणि समोरच्यानं विचारायचं नसतं. कारण सगळ्या गावाला ठाऊक असतं, म्हणून तर ते कुणी उच्चारत नाही. पेपरात 'संगीतविषयक मतभेदांमुळे' असं आलं. गोरोबा मात्र तरुण होता आणि त्याला तत्त्वं होती. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात तो म्हणाला की सगळ्या मानपानाच्या विरुद्ध ओरडायचं आणि फेट्यासाठी रुसायचं, असला कसला पंक. त्याचा चहा संपायच्या आत हे वाक्य मोंढ्यात पोचलेलं होतं.

असा, व्यवस्थेला आव्हान देणारा आमचा एकमेव बँड वीस हात कापडावरून फुटला. त्यानंतर गोरोबानं स्वतःच्या लग्नातही फेटा बांधून घेतला नाही. येरमाळ्याला मोकळ्या डोक्यानं बोहल्यावर उभा राहिला. सासरच्या माणसांनी त्याला आजारी समजून गारवा असलेल्या बाजूला बसवलं. अक्षदा लग्न होऊन लोहाऱ्याला गेली, तिथं शाळेत गणित शिकवते. गोरोबा इन्व्हर्टर आणि सोलर पंप दुरुस्त करतो. शिवपुत्र वडिलांच्या आडतीत बसतो. एकाच गावात राहून गोरोबा आणि तो बारा वर्षं बोलले नाहीत. समोरासमोर आले की दोघंही आभाळाकडं बघायचे, आणि त्यामुळं गावात बाकीच्यांनाही पाऊस येतोय असं वाटायचं.

यंदा दिवाळीनंतरच्या अमावास्येला माझा इन्व्हर्टर बंद पडला. गोरोबा आला, खाली बसला, झाकण उघडलं, आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून ड्रम सुरू झाला.

तो पेचकस हातात धरून तसाच बसला. मग म्हणाला, "सर, ह्ये कोण वाजवतंय?"

"शिवपुत्र. दर अमावास्येला वाजवतो. मोंढा बंद असतो ना."

"कवापास्नं?"

"तुमचं फुटल्यापासून."

"तुमी कधी बोलला न्हाय."

"तू कधी इन्व्हर्टर बघायला आला नाहीस."

पलीकडं तो काहीतरी नवंच वाजवत होता. नुसती धावाधाव नव्हती. दोन पावलं थांबून मग एकदम उडी मारायची, असं काहीतरी होतं. गोरोबानं पेचकस ठेवला, भिंतीजवळ सरकला आणि हलक्या आवाजात गायला लागला. मी चहाचा कप तोंडाशी नेलेला तसाच धरला, कारण त्याचे शब्द आणि भिंतीपलीकडचे ठोके एकमेकांना असे बसत गेले, जणू दोघांनी आधी ठरवून घेतलं होतं.

मग त्यानं मला सांगितलं. दोन वर्षं झाली होती ही चाल सुचून. शब्दही तयार होते. पुण्याच्या, लातूरच्या पोरांना बोलावून वाजवून बघितलं. सगळी हुशार पोरं. पण गाणं जागचं हलत नव्हतं. त्यानं ते सोडून दिलं होतं आणि गिटार सासऱ्यांच्या माळ्यावर टाकली होती, आणि आता ह्या वयात दुसरं गाणं सुचायचं नाही हेही त्याला ठाऊक होतं. "ह्येच एक हाय, सर," तो म्हणाला. "आन् त्याचं अर्धं त्याच्याकडं हाय."

एवढं बोलून तो उठून गेला. माझा इन्व्हर्टर उघडाच राहिला.

दुसऱ्या दिवशी तो तडक आडतीत गेला. त्याचा समज असा की पंक माणसानं सरळ बोलावं. तो सरळ म्हणाला की चल, वाजवू. शिवपुत्रानं त्याला बसायला गादी दिली, चहा मागवला, सोलर पंपाला सरकारी अनुदान अजून मिळतं का ते विचारलं, आणि निघताना म्हणाला, "बघू." आता हा शब्द बाहेरगावचा माणूस आशेनं ऐकतो. कळंबमध्ये त्याच्यापुढं अपील नाही.

मग गोरोबानं लोहाऱ्याला फोन केला. अक्षदा रविवारी आली. एसटीनं, धाराशिवला आणि येरमाळ्याला गाडी बदलत, बेस गिटार पाठीला लावून. वाटेत दोन शेतकऱ्यांनी तिला हा फवारणीचा पंप कोणत्या कंपनीचा म्हणून विचारलं, आणि तिसऱ्यानं किंमत ऐकून महाग घेतला असं सांगितलं. बैठक माझ्या ओसरीवर झाली, कारण इन्व्हर्टर उघडा असल्यामुळं गोरोबाला माझ्या घरी यायला निमित्त होतं.

अक्षदानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की शिवपुत्राला फेटा बांधावा लागेल. गोरोबानं, भर मोंढ्यात, सौदा चालू असताना, सगळ्यांसमोर. चारचौघांत राहिलेला मान खोलीत बसून देता येत नाही. आणि उत्तरेश्वरनंच पुकारायचं.

गोरोबा उसळला. बारा वर्षं ज्या गोष्टीला नाही म्हणालो, लग्नात सासऱ्याचं मन मोडलं, ती आता कशी करू म्हणाला. जो फेट्यासाठी रुसतो तो पंक नसतोच, हेही पुन्हा म्हणाला.

अक्षदा गणिताच्या बाई आहेत. त्यांनी पायरी सोडून काही म्हटलं नाही.

"गोऱ्या, तू आपल्या गाण्यात म्हणत होतास की ऐकणार न्हाय, वाकणार न्हाय. म्हणत होतास. आन् त्यो एका गोष्टीवरून बारा वर्षं ना वाकला ना बोलला. ड्रमला सुद्धा अमावास्या सोडून हात लावला न्हाय. आपल्यात पंक कोण हाय, सांग मला."

गोरोबा इन्व्हर्टरकडं वळला. मला वाटलं आता दुरुस्त करतो. पण त्यानं मला एवढंच विचारलं की सर, फेटा बांधायचा कसा.

हाही एक प्रश्नच होता. ज्यानं जन्मात फेट्याला हात लावला नाही त्याला तो दुसऱ्याच्या डोक्याला बांधायचा होता. माझ्या घरातल्या माठावर त्यानं दोन दिवस सराव केला. माठाला तो चांगला शोभायला लागला. माझी मंडळी पाणी काढायला जरा संकोचू लागली. उत्तरेश्वरलाही गोरोबानंच जाऊन गाठलं. उत्तरेश्वर म्हणाला की मला त्या कार्यक्रमातलं काही आठवत नाही, म्हणजे त्याला सगळं आठवत होतं. मागं बसलेला माणूस दिसत नसला तर त्यात पुकारणाऱ्याची काय चूक, एवढं त्यानं तीनतीनदा विचारलं. गोरोबानं त्याची काही चूक नसल्याचं मान्य केलं. तेव्हा कुठं तो चूक सुधारायला तयार झाला.

सौद्याचा दिवस. मोंढ्यात ढिगाशेजारी ढीग, उत्तरेश्वर पुढं आणि व्यापारी त्याच्या मागं, असा घोळका सरकत सरकत पंचाक्षरीअप्पांच्या दुकानासमोर आला. उत्तरेश्वर ढिगावर चढला आणि नेहमीच्या सुरात म्हणाला की थोडं थांबा, बारा वर्षांपूर्वी एक मान राहून गेलेला आहे. गोरोबा केशरी कापड घेऊन पुढं आला. मागच्या रांगेत, ज्यांना काही ऐकू गेलं नव्हतं अशांपैकी एकानं हात वर करून बोली लावली, आणि उत्तरेश्वर सवयीनं "एक वार" म्हणून गेला. मग त्यानं जीभ चावली.

शिवपुत्र गादीवरून उठला. पळून जायला मागं जागा नव्हती, मागं थप्प्या होत्या. तो खाली मान घालून उभा राहिला आणि गोरोबा बांधायला लागला. माठ आणि माणसाचं डोकं यांत फरक असतो हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. फेटा एका कानावर उतरला. हमाल हसू दाबत होते.

शिवपुत्र हळू आवाजात बोलला, पण मोंढा एवढा गप्प होता की सगळ्यांना ऐकू गेलं.

"मला फेटा नको हुता, गोऱ्या. त्यो मला मंडपवाला म्हणाला, तवा तू वळून बघितलंस. आन् हसलास."

गोरोबाचा हात थांबला. "म्या हसलो व्हय?"

"हसलास."

गोरोबानं आठवून बघितलं असावं. त्याच्या तोंडाकडं बघून मला वाटलं की त्याला आठवलं. तो एवढंच म्हणाला, "चुकलं माझं, शिवा."

मग गोरोबा म्हणाला की ढिला झालाय, परत बांधतो.

"नको," शिवपुत्र म्हणाला. "बांधलास तसाच ऱ्हाऊ दे. अमावास्येला ये."

उत्तरेश्वरनं घसा साफ केला आणि त्या ढिगाला दिवसातला सगळ्यात चढा भाव पुकारला. व्यापारी इतके हलले होते की एकानं तो दिलाही.

खरी अडचण इथून सुरू झाली, कारण तो चढा भाव खाली यायला तयार होईना. दुसऱ्या दिवशी वाढला, तिसऱ्या दिवशी आणखी. सगळा तालुका खुशीत. गोदामात तिघं पोत्यांकडं बघत बसायचे. अमावास्येच्या सकाळी मांडामांड झाली: थप्प्यांच्या बोळात ड्रम, सासऱ्यांच्या माळ्यावरून उतरवलेली गिटार, अक्षदाचा लॅपटॉप एका पोत्यावर, माइक शिवपुत्राच्या पुढं. तो माइक गोरोबानं स्वतः आणून ठेवला, दोनदा मागंपुढं करून बघितला, आणि शिवपुत्रानं मान हलवल्यावरच सोडला. शिवपुत्राच्या डोक्याला तोच फेटा होता. अजून कानावर होता. उतरवून ठेवला तर परत बांधता यायचा नाही, म्हणून तो टोपीसारखा काढघाल करत होता.

पहिल्यांदा वाजवून झालं आणि बाहेर ट्रक येऊन थांबला.

पंचाक्षरीअप्पांनी अमावास्येला कधी माल हलवला नव्हता. पण पंचांगात सोयाबीनचा भाव दिलेला नसतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. संध्याकाळपर्यंत माल लातूरच्या मिलला पोचवायचा होता. गोरोबानं हात जोडले, म्हणाला अप्पा, दुपारपर्यंत थांबा. अप्पांनी त्याला शांतपणे विचारलं की बारा वर्षं रुसायला येळ हुता, तवा का न्हाय आलास. हमाल आत आले.

दुसऱ्यांदा वाजवलं तेव्हा दाराकडची एक थप्पी गेलेली होती. तिसऱ्यांदा, आणखी दोन. अक्षदानं लॅपटॉपवर ऐकून बघितलं आणि सांगितलं की यातलं काही एकाला एक जोडता येणार नाही. प्रत्येक वेळी खोलीच वेगळी आहे. ड्रमच्या भोवतीच्या थप्प्या तेवढ्या राहिल्या होत्या. त्या गेल्या की संपलं. परत एवढा माल भरायला पुढची सुगी, आणि लोहाऱ्याहून परत एवढी सुट्टी, आणि कुणास ठाऊक काय काय. शिवपुत्रानं काड्या मांडीवर ठेवल्या. गोरोबा भिंतीला टेकला; माझ्याच भिंतीला, आतल्या बाजूनं.

तेव्हा अक्षदानं बेस गळ्यात अडकवला आणि म्हणाली, "एकदाच. तिघंबी एकदम. त्यांना नेऊ दे पोती, आपण थांबायचं न्हाय."

शिवपुत्रानं काड्या वाजवून चार मोजले.

आता मला संगीतातलं कळत नाही, पण भिंतीतून इतकी वर्षं ऐकलेला माणूस आहे. गाणं सुरू झालं तेव्हा ते पोत्यांच्या मधोमध अडकलेलं होतं, कोंदलेलं, एखाद्यानं उशीत तोंड घालून ओरडावं तसं. गोरोबा गात होता:

बार्शीची गेली, पुण्याची बी गेली,
आमी फाट्यावर च्या पीत ऱ्हायलो.
जायाचं ऱ्हायलं, जायाचं ऱ्हायलं,
आता हितूनच वरडतो, ऐकू येतंय का?

हमालांची पावलं आधी आपल्या चालीनं पडत होती. दुसऱ्या कडव्यापर्यंत ती शिवपुत्राच्या ठोक्यात आली. दोन पावलं थांबायचं आणि उडी मारायची, ही चाल पोतं पाठीवर घेताना किती सोयीची आहे हे तेव्हा कळलं. पोतं उचललं, थांबले, हिसका देऊन पाठीवर घेतलं, आणि पळाले. थप्पी कमी होईल तसा आवाज उघडत गेला. आधी वर, पत्र्याला लागला. मग बाजूला. मग दारातून बाहेर गेला आणि बंद मोंढ्याच्या ओळीनं उभ्या दुकानांवरून परत आला. गाणं तीन मिनिटांचं होतं, पण संपवायचं कुणाला सुचेना. गोरोबानं विचारायचं ऐकू येतंय का, आणि हमालांनी पोत्याखालून ओरडायचं की येतंय, असं ते गोदाम रिकामं होईस्तोवर चाललं. शेवटचं पोतं ट्रकमध्ये पडलं आणि शिवपुत्रानं झांजेवर शेवटचा ठोका दिला. त्या मोकळ्या गोदामात तो इतका वेळ घुमला की शेळ्यांनी माना वर केल्या.

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव लटकून राहणार नाही. 'जायाचं ऱ्हायलं' कळंबच्या बाहेर गेलं. येरमाळ्याच्या हायवेवरच्या टपऱ्यांत लागलं, लोहाऱ्याच्या जिपांत लागलं, बार्शीच्या क्लासच्या पोरांनी पाठ केलं. पुण्यातल्या आवाजाच्या एका तज्ज्ञानं फोन करून विचारलं की सुरुवात एवढी कोंदट आणि शेवट एवढा मोकळा, हे कोणतं यंत्र वापरून केलं. शिवपुत्रानं सांगितलं की भाव वाढला. त्यांना पुण्याला बोलावणं आलं. मोठं मैदान, हजारो पोरं, आणि गोरोबानं ऐकू येतंय का विचारल्यावर त्या हजारोंनी येतंय म्हणून जे उत्तर दिलं, त्यानं माझ्या म्हातारपणी माझ्या अंगावर काटा आला. गोरोबाच्या डोक्याला फेटा होता. शिवपुत्रानं बांधलेला, आणि तोही एका कानावर. सासरे पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होते. त्यांना वाटलं जावई बरा झाला. पुढच्या सुगीत आणखी गाणी करायची ठरली आहेत. देवळाच्या मागं जाऊन काय मागायचं यावर मात्र तिघांचं अजून एकमत नाही.

त्या गाण्याच्या शेवटी, झांज पुरती शांत झाल्यावर, एक वाक्य ऐकू येतं. ते काढून टाकावं असं पुण्याच्या तज्ज्ञाचं मत होतं. शिवपुत्र ठाम राहिला. आता कार्यक्रमात ते वाक्य सगळी गर्दी एका सुरात म्हणते, आणि शिवपुत्र उठून उभा राहून फेट्याला हात लावतो.

ते असं झालं. झांज घुमत होती. गोरोबा डोळे मिटून उभा होता, अक्षदा रडत होती, हमाल दारात घाम पुसत थांबले होते, आणि बारा वर्षांनी शिवपुत्र हसत होता. तेवढ्यात पंचाक्षरीअप्पा हातात केरसुणी घेऊन आत आले. त्यांनी रिकाम्या गोदामावरून एकदा नजर फिरवली आणि मुलाकडं बघून म्हणाले,

"शिवा, तेवढा माइक सरकव. खाली सोयाबीन सांडलंय."